गाणं, कीबोर्ड आणि चर्च : तिन्ही सांभाळून संसार चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण मिरजेचा, चोवीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला. शाळेपासून चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो, उपासनेत गातो, लग्नाच्या स्वागतसमारंभात भावगीतं आणि चित्रपटगीतं म्हणतो, मधूनमधून एका भजनी मंडळाला पेटीची साथ करतो. सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्याला विचारलंय, "गायक पण तूच, कीबोर्ड पण तूच, हंगामभर आमच्याबरोबर चल." घरचे म्हणतात नोकरी बघ. मित्र म्हणतात एक काहीतरी धर, नाहीतर धड गायक नाही आणि धड वादक नाही अशी गत होईल. चर्चमधले वडीलधारे विचारतात, मग रविवारी कोण वाजवणार? तर यातलं कुठलं एक निवडावं, हा त्याचा प्रश्न. गणपतीच्या कार्यक्रमात, भजनी मंडळात वाजवावं का, हेही त्याने एका ओळीत विचारलंय.

मी सांगली-मिरज भागात बरीच वर्षं हेच काम करतो आहे. रविवारी उपासनेला वाजवणं, आठवडाभर शिकवण्या, बाकी वेळी सुगम आणि नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना साथ, आणि बोलावलं तर गाणं. उत्तर लांबणार आहे, कारण एका ओळीत दिलेलं उत्तर तुमच्या उपयोगी पडणार नाही.

सुरुवातीलाच सांगतो, "कुठलं एक" हा प्रश्न मला पटत नाही. मुंबईत नुसता स्टुडिओत कीबोर्ड वाजवून जगणारा माणूस सापडेल. सांगली-साताऱ्यात एकाच कलेच्या एकाच अंगावर संसार चालवणारे फार थोडे. इथे कलाकाराला दोन-तीन गोष्टी कराव्याच लागतात, त्यात कमीपणा काही नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही तिन्ही गोष्टी सारख्याच धरून चालला आहात. तिन्हींत मूळ काम कोणतं, म्हणजे कोणत्या कामाच्या जोरावर बाकीची दोन उभी राहतील, हे अजून तुमचं ठरलेलं नाही. ते ठरलं की नोकरी, ऑर्केस्ट्रा, रविवार यांची उत्तरं बरीच सोपी होतात.

माझ्या मते तुमचं मूळ काम साथ हे आहे. गाणं नव्हे, कीबोर्डवरची कसरतही नव्हे. आणि साथ शिकण्याची सर्वात चांगली जागा तुमच्याकडे आधीपासून आहे, ती म्हणजे रविवार सकाळची उपासना.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. घरावर कर्ज असेल, धाकट्या भावंडांचं शिक्षण तुमच्यावर असेल, तर पहिली दोन-तीन वर्षं नोकरी धरूनच हे करा. अर्ध्या दिवसाची, दुकानातल्या हिशेबाची का होईना. आवाज असामान्य असेल, चार जाणकारांनी तोंडावर तसं सांगितलं असेल, तर गाण्याचं पारडं जड होईल आणि माझं म्हणणं तुम्हाला थोडं बदलून घ्यावं लागेल. तुमची मंडळी, म्हणजे चर्चला येणारी माणसं, किती मोठी, पाळकसाहेब संगीताकडे कसं बघतात, वाजवणारा दुसरा कुणी तयार आहे का, यावरही बरंच ठरतं. ही माहिती तुमच्या प्रश्नात नाही, म्हणून मी माझ्या अनुभवातल्या सर्वसाधारण स्थितीला धरून लिहितो.

आता साथ म्हणजे काय ते सविस्तर सांगतो, कारण सगळं त्यावर आहे.

दीडशे-दोनशे माणसं, त्यातली बहुतेक गाणं न शिकलेली. म्हातारी माणसं, लहान मुलं, रात्रपाळी करून आलेल्या नर्सबाई. हे सगळे एकाच वेळी एकच गीत म्हणणार आणि त्यांना सांभाळणारे तुम्ही एकटे. यापेक्षा अवघड साथ मला माहीत नाही. मैफलीतला गायक चुकला तरी सावरायला शिकलेला असतो. मंडळी सावरत नाही, ती हळूहळू मागे पडत जाते. वाजवणारा मंडळीच्या मागे गेला की चौथ्या कडव्यापर्यंत गीताचा जीव जातो. वाजवणारा पुढे पळाला की मागच्या बाकांवरची माणसं गायची थांबतात. म्हणून डाव्या हाताचा खर्ज स्वच्छ आणि ठाम ठेवायचा. चाल सर्वांच्या तोंडात बसली की उजव्या हाताने चाल वाजवणं कमी करायचं. एकच स्वर लागोपाठ येतो तिथे बोट नीट उचलायचं, नाहीतर मोठ्या खोलीत सगळं एकमेकांत मिसळून लय दिसेनाशी होते. आणि दोन कडव्यांच्या मध्ये माणसांना श्वास घेता येईल एवढी जागा द्यायची, दर वेळी तेवढीच, म्हणजे पुढचं कडवं कधी उचलायचं ते त्यांना न सांगता कळतं.

पट्टीचंही तसंच, म्हणजे गाण्याचा सा कीबोर्डवर कुठे धरायचा त्याचं. छापील स्वरलेखनात एखादं पाश्चात्य चालीचं गीत ई-फ्लॅटमध्ये असतं, म्हणजे आपली काळी दोन. चार आवाजांत तयार झालेल्या कॉयरला, म्हणजे गायनवृंदाला, ते ठीक. सकाळच्या उपासनेला आलेल्या माणसांचा गळा उघडलेला नसतो. मी गीताचा सर्वात वरचा स्वर सकाळी वरच्या पांढरी दोनपाशी थांबेल अशी पट्टी घेतो. त्याच्या वर गेलं की पुरुष खालच्या सप्तकात उतरतात, बायका गप्प होतात आणि कॉयर एकटाच गात राहतो. कीबोर्डवर पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण आहे, ते वापरा, त्यात लाज नाही. पण पांढरी एक, पांढरी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार आणि काळी पाच एवढ्या पट्ट्यांत तीन-चार कॉर्डची (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे तीन-चार स्वर) गीतं बटणाशिवाय वाजवता आलीच पाहिजेत. एखाद्या चर्चमध्ये पायाने भाता चालवायचा जुना ऑर्गन असतो, एखाद्या हॉलमध्ये पियानो असतो, तिथे बटण कुठून आणणार? काळी चार मुद्दाम सांगितली, कारण सुगम गाणाऱ्या बायकांच्या साथीला तुम्हाला ती सारखी लागेल.

एक गोष्ट मी तळमळीने सांगतो. उपासनेत कीबोर्डचा तयार रिदम लावू नका. मशीन माणसांसाठी थांबत नाही. एखाद्या आजी शेवटची ओळ लांबवतात, सगळी मंडळी त्यांच्याबरोबर लांबते, आणि त्या लांबण्यात त्यांची प्रार्थना असते. तिथे वाजणारा मशीनचा केरवा ताल ती प्रार्थना तोडतो. तबला-ढोलकीवाला माणूस असेल तर उत्तम, नसेल तर नुसत्या स्वरांनी साथ करा.

हे सगळं ज्याला जमतं त्याला बाहेरच्या बाजारात मागणी असते, हे मी माझ्या भागात सतत पाहतो. गायक कोणत्या क्षणी श्वास घेणार, कुठे लांबवणार, कुठे त्याची पट्टी चढली आहे, हे ज्याच्या कानाला आधी कळतं त्याला लोक पुन्हा बोलावतात. फक्त बोटं वेगाने चालणाऱ्याला एकदा टाळ्या मिळतात.

हे माझंच म्हणणं आहे असं नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचणं, व्हायोलिन, कॉयर हे सगळं लहानपणी शिकवलं जाई. त्या शिक्षणातून आलेले वादक आणि संगीत-संयोजक मुंबईच्या चित्रपटसंगीतात पिढ्यान्‌पिढ्या कणा होऊन राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक, संयोजक आणि प्यारेलाल यांचे गुरू. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन सेबास्टियन डिसोझा यांनी सांभाळलं. पडद्यावर नावं दुसऱ्यांची झळकली, तरी गाणं उभं करणारा हात यांचा होता. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातलं उदाहरण बघा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा मुलगा पियानो शिकला, शाळेच्या कॉयरमध्ये गायला. 'द हेक्टिक्स' नावाचा मुलांचा बँड होता त्यात तो पियानोवर असायचा, मुख्य गायक दुसराच मुलगा होता. पुढे हाच मुलगा फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाला माहीत झाला. दुसऱ्याच्या गाण्यामागे बसून तो काय ऐकत होता हे आपल्याला सांगता येणार नाही, पण सुरुवात कुठे झाली ते लक्षात घेण्यासारखं आहे.

आता उणीव कुठे असते ते सांगतो. तुम्ही लिहिलंय की कॉर्ड कानाने लावतो. चर्चमधून आलेल्या आपल्या बहुतेक मुलांचं असंच असतं. तीन कॉर्डवर सगळं निभावतं, आणि देशी चालीच्या पदापाशी गाडी अडते. 'उपासना संगीत' हे आपलं चर्चमधल्या गीतांचं पुस्तक उघडून पाहा. एकीकडे इंग्रजी-अमेरिकी चालींवर बसवलेली गीतं आहेत, दुसरीकडे अभंग, ओवी, आरती अशा वळणाची पदं आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ही दुसरी वाट मोठी केली. अखेरच्या वर्षांत ते साताऱ्यात राहत होते, १९१९ साली ते वारले. या पदांवर पाश्चात्य कॉर्ड आंधळेपणाने लादले की त्यांचा रंग उडतो.

उदाहरण घ्या. भूप रागात मध्यम आणि निषाद नाहीत. भूपाच्या स्वरांतून पूर्ण तीन स्वरांचे कॉर्ड दोनच होतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. तुम्ही सवयीने चौथ्या आणि पाचव्या स्वराचा कॉर्ड लावला की वर्ज्य मध्यम-निषाद आत आले. कधी कधी मुद्दाम तसं करता येतं, पण आपण काय करतोय ते माहीत असलं पाहिजे. भैरवीत रिषभ, गंधार, धैवत, निषाद कोमल. तिथे पाचव्या स्वरावर नेहमीचा मेजर कॉर्ड दाबला की शुद्ध निषाद घुसतो आणि भैरवीचा चेहरा बदलतो. त्याऐवजी सा चा मायनर, कोमल रे चा मेजर, कोमल ध चा मेजर, मध्यमाचा मायनर यांत खेळा. यमनमध्ये चौथ्याचा मेजर कॉर्ड टाळा, कारण त्यात शुद्ध मध्यम आहे. त्याऐवजी रे चा मेजर लावून बघा, तीव्र मध्यम आपोआप येतो. आणि शंका असेल तिथे सा आणि प धरून शांत बसा. साथीला गप्प बसता येणं ही मोठी विद्या आहे.

यासाठी शास्त्रीय गाणं शिकावंच लागेल, आणि तुम्ही ज्या गावात राहता ते याला फार चांगलं आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेब मिरजेत राहिले, आणि दर्ग्यात त्यांच्या स्मृतीला दरवर्षी देशभरचे कलाकार येऊन गातात. तिथे रात्रभर बसून ऐका, एकही पैसा लागत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्या गल्लीत ती वाद्यं बनतात ती तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल. सकाळी कीबोर्ड न उघडता तानपुऱ्यावर गा. कीबोर्डचे स्वर सारख्या अंतरावर बांधलेले असतात. नेहमी त्यावरच गायलात तर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि श्रुती (स्वरांमधले बारीक फरक) यांची जाण येत नाही. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती. ती बंदी मला योग्य वाटत नाही, पण तिच्यामागचा कानाचा आक्षेप खोटा नव्हता.

दुसरी उणीव स्वरलेखन वाचण्याची. पाच रेषांवरचं संगीत चार आवाजांत सरळ वाचून वाजवता येईल एवढं शिका. कॉयर बसवायचा असेल तर सोप्रानो, आल्टो, टेनर, बास या चारी ओळी तुम्हाला वेगवेगळ्या गाऊन दाखवता आल्या पाहिजेत. इथे तुमचा आवाज फार कामाला येईल. गाता येणारा वादक कॉयर दुप्पट लवकर बसवतो.

तुमच्या गाण्याबद्दल. गात-वाजवत दोन्ही करणाऱ्याच्या सवयी लवकर बिघडतात. खुर्ची खाली असली की पोट दबतं आणि श्वास अर्धा राहतो. माइक चुकीच्या बाजूला असला की मान पुढे जाते आणि वरचे स्वर घशातून निघतात. उंच बैठक घ्या, माइकचा दांडा समोरून तोंडापाशी आणा. स्वतः गात असताना उजव्या हाताने तीच चाल वाजवू नका, तुमच्या गळ्यातल्या बारीक जागा त्या ठोकळ स्वरांखाली दबून जातात. डावा हात आणि गाणं एवढ्यावरच आधी सराव करा, मग उजव्या हाताने मोकळ्या जागा भरा. ऑर्केस्ट्राच्या हंगामात रात्री उशिरा तिखट जेवून लगेच झोपणं हा आवाजाचा शत्रू आहे, आम्ल वर येऊन स्वरयंत्र सुजतं. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर काढ्यांवर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीने तपासून घ्या.

पैशाकडे वळतो. तुमच्या घरच्यांची काळजी खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं.

आपल्या भागात संगीताचं उत्पन्न वर्षभर सारखं नसतं. आषाढापासून चातुर्मास, हिंदू लग्नं बंद. त्यातच भाद्रपदात गणपती येतात, मंडळांचे कार्यक्रम येतात, मग नवरात्र. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. डिसेंबरात नाताळ, कॅरल, शाळांची स्नेहसंमेलनं. पुढे उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांच्या दिवसांत, ख्रिस्ती लग्नं सहसा नसतात. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) झाला की पुन्हा सुरू. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. हा कॅलेंडर कागदावर लिहून भिंतीला लावा. तुमच्यासारख्याला फायदा असा की एकाचा हंगाम संपतो तिथे दुसऱ्याचा असतो. फक्त गाणारा, फक्त चर्चचा, फक्त ऑर्केस्ट्राचा माणूस वर्षातले काही महिने रिकामा बसतो. बहुढंगी असण्याचा खरा आर्थिक अर्थ इथे आहे.

पण पावसाळ्याचे दोन महिने उरतातच, आणि ते शिकवण्यांनी भरायचे. शिकवणी हा दरमहा येणारा पैसा आहे, त्याच्या भरवशावर दुकानदार उधार देतो आणि घरचे निश्चिंत होतात. त्यासाठी स्वतः परीक्षा द्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या गाण्यात करा. विशारद होईपर्यंत वर्षं जातील, जाऊ द्या. कीबोर्ड किंवा पियानोत ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या आठ ग्रेड आहेत, निदान पाचवीपर्यंत जा. मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. दुसरं सत्र नाताळच्या तालमींवर येतं, म्हणून कॉयर तुमच्या हाती असेल तर पहिलं सत्र धरा. कागद हातात असला की निवासी शाळांचे दरवाजे उघडतात. पाचगणीत पाश्चात्य संगीत शिकवणाऱ्या शाळा आहेत, साताऱ्या-सांगलीतल्या इंग्रजी शाळांना संगीतशिक्षक लागतात. आपल्याला जितकं येतं तितकंच शिकवायचं, त्याच्या पुढच्या विद्यार्थ्याला चांगल्या गुरूकडे पाठवायचं. याने नाव होतं.

नाट्यसंगीताची साथ विसरू नका. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभं केलं, गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. या मातीत अजून नाट्यगीतांचे कार्यक्रम होतात आणि त्यांना ऑर्गनची साथ लागते. भात्याचा तो ऑर्गन जसा चर्चमध्ये होता तसाच संगीत नाटकाच्या पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या जागेत, होता. आता तो बहुतेक ठिकाणी कीबोर्डवरच वाजतो. ज्याच्या हाताला ऑर्गनची धरून वाजवण्याची सवय आहे आणि कानाला नाट्यगीत माहीत आहे असा वादक मिळवायला आयोजक धडपडतात. तुमच्या वयाची मुलं या क्षेत्रात कमी आहेत, तुम्ही शिरा.

चर्चच्या पैशाबद्दल माझी रीत सांगतो, तुमची वेगळी असू शकते. रविवारच्या उपासनेचं मी मागत नाही, मंडळी जे देईल ते घेतो. अंत्यविधीचं कधीच घेत नाही. लग्नाचं घेतो, आणि ठरवून घेतो. अनेक तरुण इथे गोंधळतात. सेवा आणि व्यवसाय एकमेकांत मिसळतात, मग मनात खंत धरतात आणि एक दिवस चर्चच सोडून जातात. कोणतं फुकट आणि कोणतं पैशाचं हे आधीच पाळकसाहेबांना आणि पंचांना स्पष्ट सांगा. लग्न असेल तर तारीख, वेळ, गीतांची यादी किती दिवस आधी मिळणार, साउंड कोणाचा, प्रवास कोणाचा, इसार किती, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं लग्नघरात कुणाच्या लक्षात राहत नाही, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना त्या दिवशी शंभर कामं असतात. बिदागी ठरवताना मंचावरचे दोन तास मोजू नका. तालीम, प्रवास, वाद्य उचलणं-लावणं, परत येणं, दुसऱ्या दिवशीची थकलेली सकाळ हे सगळं धरा.

गाण्यांच्या हक्कांबद्दल थोडं. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे प्रामाणिक धार्मिक विधीत केलेलं सादरीकरण उल्लंघन ठरत नाही, आणि लग्नाशी संबंधित समारंभही त्यात येतात. गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी बाब आहे. दुसऱ्याची आजची आराधनागीतं टाकण्यापेक्षा जुनी पदं स्वतः बसवून टाका. टिळकांची पदं कोणाच्या मालकीची राहिलेली नाहीत. तुमच्या कामाचा नमुना म्हणून तीच सर्वात चांगली दिसतील.

आता अवघड भाग, म्हणजे गणपतीच्या कार्यक्रमात, भजनी मंडळात वाजवावं का. तुम्ही प्रश्नात एका ओळीत लिहिलंय, पण मला वाटतं मनातली खरी टोचणी ही आहे. याचं उत्तर मी तुमच्यासाठी देऊ शकत नाही, विवेक ज्याचा त्याचा. मी स्वतः अभंगाला साथ करतो, भावगीताला करतो, आणि त्याने माझा विश्वास कमी झाला असं मला कधी वाटलं नाही. काही गोष्टी मी नम्रपणे नाकारतो, त्या कोणत्या ते माझं आणि देवाचं आहे. मिरजेत एका मुसलमान गायकाच्या स्मृतीला हिंदू कलाकार दर्ग्यात गातात आणि ऐकायला सगळे जातात, याच गावात मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला आणि त्याच्या आसपास ख्रिस्ती वस्ती वाढली. इथल्या माणसाला हे मिसळणं नवं नाही. फक्त एक करा. मंडळीतल्या कुणी जाऊन पाळकसाहेबांना सांगण्याआधी तुम्ही स्वतः सांगा. समोर बसून, शांतपणे, कुठे वाजवतो, का वाजवतो. बहुतेक वेळा विरोध वाजवण्याला नसतो, लपवण्याला असतो.

वाद्याचं लवकर उरकतो. एकसष्ट पट्ट्यांचा, बोटाच्या जोराला प्रतिसाद देणारा कीबोर्ड आणि स्वर लांबवणारा चांगला सस्टेन पेडल एवढ्यावर तुमचं काम चालेल. महागडा वर्कस्टेशन कीबोर्ड कर्जाने घेऊ नका, तो कार्यक्रमांच्या पैशातून यायला हवा. पियानोच्या वरच्या ग्रेड करायच्या ठरल्या तर अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, वजनदार पट्टीचा डिजिटल पियानो लागेल, तो नंतर बघा. जत्रेत वीज जाते-येते, म्हणून छोटा यूपीएस मात्र आजच घ्या.

तर ऑर्केस्ट्रा. मला वाटतं जा, पण हंगामाच्या बांधीलकीवर नको, कार्यक्रमागणिक जा. दोन्ही कामं एकाच माणसाकडून करून घेतात तेव्हा एका माणसाचे पैसे देतात, म्हणून गाण्याचे आणि वाजवण्याचे वेगळे सांगा. अर्धी वाढ मिळाली तरी चालेल, पण वेगळं सांगितलेलं असू दे. आणि शनिवार रात्रीबद्दल अट घाला. ध्वनिक्षेपक एरवी रात्री दहाला बंद होतात, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत असते. पण सामान उतरवून आटपाडी किंवा जतहून परत यायला पहाट होते. शनिवारी मिरजेपासून तासाभराच्या आतलेच कार्यक्रम, हे मालकांना आधी सांगा. ते नाही म्हणाले तर हा ऑर्केस्ट्रा तुमच्यासाठी नाही, दुसरा मिळेल. आणि ते हो म्हणाले तरी रविवारी वाजवायला एक मुलगा किंवा मुलगी आजपासून तयार करायला घ्या. दर रविवारी एक गीत त्याला द्या, तुम्ही शेजारी बसा. वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर आहे, आणि तुम्ही आजारी पडाल त्या दिवशी मंडळी गात राहील.

पहिल्या हंगामाचा हिशेब मात्र वहीत लिहून ठेवा, किती कार्यक्रम, किती मिळाले, किती रविवार चुकले. पुनरुत्थानाच्या सणानंतर तो घेऊन पुन्हा विचारा, तेव्हा नोकरीबद्दल मी आत्ताच्यापेक्षा नेमकं सांगू शकेन.